किल्ल्यावर पोहोचलेली गोष्ट पुढे कुठे जाते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तराचा धागा सुटणार नाही. तुम्ही दोघे भावंडे मिळून ग्वाल्हेरात घडणारी झोंबींची चित्रकथा-मालिका करत आहात. बहीण लिहिते, भाऊ चित्रे काढतो. शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातल्या एका जुन्या वाड्यातून निघालेली अकरा माणसे जनकगंज, महाराज बाडा, शिंदे की छावनी असा मार्ग काढत चौथ्या अंकाच्या शेवटी उरवाई दरवाजातून किल्ल्यावर पोहोचतात, आणि तेथे आधीच आसरा घेतलेली दीडशे-दोनशे माणसे त्यांना भेटतात. पाचवा अंक मात्र तीनदा लिहूनही जमलेला नाही. झोंबींना किल्ला चढता येत नाही, त्यामुळे गोष्ट तिथेच बसून राहिली आहे. आता किल्ला पाडावा कसा, आणि पाडलाच तर वाचकाने ‘पुन्हा तेच’ असे म्हणू नये यासाठी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

चित्रकथांच्या पटकथा लिहिणे आणि इतरांच्या पटकथा दुरुस्त करणे हे काम मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ करत आलो आहे, आणि माझा जन्मही लष्करातलाच आहे, म्हणून तुमची पाने मी जरा जास्तच बारकाईने पाहिली. माझ्या मते किल्ला फार सुरक्षित असणे हा तुमच्या पाचव्या अंकाचा अडथळा नाही. तुमच्या भावाने पहिल्या चार अंकांत एक फार चांगली गोष्ट बहुधा नकळत केली आहे: जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पानावर, कधी गच्चीच्या कठड्यामागे, कधी विजेच्या तारांच्या जाळ्यातून, कधी गल्लीच्या टोकाशी अर्धवट कापलेला, असा किल्ला दिसत राहतो आणि अंकागणिक तो चौकटीत मोठा होत जातो. वाचकाची नजर त्याच्यावर टांगलेली राहते. माणसे वर पोहोचली आणि तो किल्ला चित्रांतून नाहीसा झाला, कारण किल्ल्यावर उभे राहिलेल्याला किल्ला दिसत नाही. नजरेला ओढून धरणारी वस्तू गेली आणि तिच्या जागी दुसरी काही आली नाही. पाचव्या अंकाच्या तिन्ही मसुद्यांत माणसे एकमेकांकडे पाहत बोलत बसतात, त्याचे कारण हेच आहे.

या प्रकारातली सर्वांत दीर्घ आणि सर्वांत जास्त वाचली गेलेली मालिका म्हणजे रॉबर्ट कर्कमन यांनी लिहिलेली ‘द वॉकिंग डेड’. ती ऑक्टोबर 2003 मध्ये सुरू झाली आणि जुलै 2019 मध्ये 193 व्या अंकावर, कोणतीही पूर्वसूचना न देता, संपली. पहिले सहा अंक टोनी मूर यांनी चितारले आणि सातव्यापासून शेवटपर्यंत चार्ली अ‍ॅडलार्ड यांनी. ही सगळी मालिका कृष्णधवल आहे. तिचा सांगाडा पाहिला तर ती आसऱ्यांचीच यादी आहे: अटलांटा शहराबाहेरचा तंबूंचा तळ, कुंपण घातलेली एक वसाहत, एक शेत, मग तुरुंग, मग बराच काळ नुसता रस्ता, मग भिंतीआडचे एक उपनगर, त्याच्या आसपासच्या इतर वस्त्या आणि शेवटी पन्नास हजार लोकांचे एक पूर्ण शहर. भिंत उंच होत जाते, माणसांची संख्या वाढत जाते, आणि त्या प्रमाणात धोक्याची जात बदलत जाते. तंबूंच्या तळावर भय मृतांचे असते, तुरुंगात ते शेजारच्या जिवंत टोळीचे होते, आणि त्या मोठ्या शहरात कोणाला कोणते काम, कोणते घर आणि किती मान मिळावा हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचे होते. प्रत्येक आसरा आधीच्या आसऱ्याने न विचारलेला प्रश्न विचारतो, म्हणूनच पंधरा वर्षांहून अधिक काळ वाचक ‘पुन्हा तेच’ असे म्हणाला नाही. अधूनमधून म्हणाला असेलही. तसे म्हणण्याजोगे काही अंक तिच्यात आहेत.

तिच्यातल्या दोन जागा तुम्ही मुद्दाम अभ्यासाव्यात. पहिली त्या कुंपणाच्या वसाहतीची आहे. पात्रे थंडीत तिथे पोहोचतात, फाटक आणि घरे पाहून त्यांना हायसे वाटते, आणि ती आत झोपलेली असताना फाटकाजवळच्या पाटीवरचा बर्फ घसरून पडतो व खालची अक्षरे उघडी पडतात: इथे सगळे मेले आहेत, आत येऊ नका. वाचकाला ते कळते, पात्रांना कळत नाही, आणि एका मूक चौकटीने पूर्ण रात्रीचा अर्थ बदलतो. ग्वाल्हेरात बर्फ पडत नाही, पण जानेवारीत असे धुके पडते की समोरची भिंत दिसत नाही; हे साधन तुमच्या हातात आहे आणि तुम्ही ते अजून वापरलेले नाही. दुसरी जागा तुरुंगाची आहे. तो सुमारे 36 अंक, म्हणजे मासिकाच्या हिशेबाने तीन वर्षे चालतो, आणि त्या काळात तिथे लग्ने जमतात, भाजीपाला लावला जातो, बाळ जन्मते. तो 48 व्या अंकात पडतो तेव्हा वाचकाला दुःख होते, कारण त्याला तिथे राहायची सवय झालेली असते. आणि त्यानंतर लगेच दुसरी भिंत मिळत नाही. वीसेक अंक माणसे उघड्यावर असतात. तुमच्या आराखड्यात मात्र मी पाहिले, किल्ला सहाव्या अंकात पडतो आणि सातव्यात टेकनपूरची छावणी मिळते. इतक्या घाईने बदललेले घर वाचक घर म्हणून स्वीकारत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, पण उलट बाजूने. खूप वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी पुरात अडकलेल्या गावाची मालिका लिहिली होती, आणि टेकडीवरच्या शाळेत आसरा घेतलेली माणसे मी नऊ अंक तिथेच ठेवली, कारण मला त्यांचे संवाद लिहायला आवडत होते. सातव्या अंकानंतर एका शाळकरी वाचकाचे पत्र आले. त्यात एवढेच विचारले होते की ही माणसे इतके दिवस जेवतात काय? माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन अंकांनी मालिका बंद झाली. त्या दिवसापासून कोणताही आसरा लिहिण्याआधी मी वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा हिशेब मांडतो. तुमच्या किल्ल्याचाही मांडून पाहिला, आणि मला तो मुळीच सुरक्षित वाटला नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. आपत्तीतल्या छावण्यांसाठी पिणे, स्वयंपाक आणि अंगधुणे मिळून माणशी दिवसाला 15 लिटर पाणी हे किमान प्रमाण मानले जाते. दोनशे माणसांना दिवसाला 3,000 लिटर, वर्षाला जवळजवळ 11 लाख लिटर. शहराला पाणी तिघऱ्याच्या धरणातून मोतीझीलच्या शुद्धीकरण केंद्रावाटे येते. वीज गेली की पंप बंद, म्हणजे ते विसरायचे. उरतात किल्ल्यावरची कुंडे आणि विहिरी. समजा, तुमच्या माणसांच्या वाट्याला तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल पाणी असलेले एक उघडे कुंड आले. त्यात 11 लाख लिटरांच्या आसपासच पाणी मावते, म्हणजे कागदावर वर्षाची सोय झाली. पण आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या पाण्याचा सुमारे एक सेंटीमीटर थर रोज उन्हात उडतो. एवढ्या कुंडाच्या पृष्ठभागावर एक सेंटीमीटर म्हणजे 9,000 लिटर. माणसे रोज तीन हजार लिटर वापरतात आणि ऊन रोज नऊ हजार पिते! एप्रिलच्या सुरुवातीला भरलेले कुंड वर्षभर सोडाच, जेमतेम तीन महिने टिकते. मग अस्सी खंभा की बावडीसारखे खोल, खांबांनी वेढलेले पाणी सोन्याच्या मोलाचे होते, कुंडावर चादरी आणि शामियाने ताणण्याची कल्पना कोणाला तरी सुचते, आणि उरवाईच्या दरीतल्या ज्या विहिरींना वेढून पूर्वजांनी तट बांधला होता, त्या तटाचा अर्थ तुमच्या पात्रांना उन्हाळ्यात कळतो. पाचवा अंक चैत्रात सुरू करा. नुसत्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पायऱ्या, दर काही पानांनी एक पायरी जास्त उघडी पडलेली, एवढे चित्र भीतीसाठी पुरेसे आहे.

धान्याचा हिशेब सोपा आहे. माणशी अर्धा किलो धरले तर दोनशे माणसांना रोज एक क्विंटल लागते, आणि दाल बाजारात पोती कितीही असली तरी ती वर आणायची कोणी आणि कोणत्या वाटेने, हा प्रश्न राहतोच. ग्वाल्हेर दरवाजाची वाट पायी चढणाऱ्यांची आहे आणि गाडी वर येते ती उरवाईकडून. प्रत्येक खेपेला दरवाजा उघडावा लागतो. अन्नासाठी दरवाजा उघडण्याची ही सक्ती तुमच्या मालिकेचे घड्याळ होऊ शकते.

पहाऱ्याचा हिशेब मला सर्वांत मोलाचा वाटतो. किल्ल्याची लांबी पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास आहे. रुंदी काही ठिकाणी दोनशे मीटरांहून कमी, तर काही ठिकाणी आठशेच्या घरात जाते. तटाची फेरी सहा किलोमीटरांच्या आत येत नाही. दर पन्नास मीटरांवर एक माणूस उभा करायचा म्हटले तरी 120 माणसे हवीत, आणि तीन पाळ्या धरल्या तर 360. तुमच्याकडे लहान मुले आणि म्हातारी माणसे धरून दोनशे आहेत. मृतांच्या बाबतीत हे चालून जाते, कारण शंभर मीटर उंचीचा तो कडा त्यांना आपोआप अडवतो. पण कडा जिवंत माणसाला अडवत नाही, आणि एवढा मोठा तट दोनशे माणसांना राखता येत नाही. लष्करातला जाड भिंतींचा आणि एकाच दिंडीचा वाडा सहा माणसांत राखता येतो, किल्ला येत नाही. तुमच्या अकरा जणांपैकी कोणी तरी, शक्यतो ज्याला वाडा सोडायचाच नव्हता त्याने, हे बोलून दाखवले पाहिजे.

चौथा हिशेब आपल्या मालिकेत असावाच, कारण तो परदेशी मालिकांत येत नाही: लाकडाचा. आपल्याकडे मृताला अग्नी देतात, आणि पारंपरिक चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते. तुमच्या कथेच्या नियमानुसार कोणत्याही कारणाने मेलेला माणूस उठतो, म्हणजे दहन हा संस्कार तर आहेच, शिवाय ती संरक्षणाची गरजही झाली आहे. किल्ल्याच्या माथ्यावर झाडी विरळ आहे. एका चितेच्या लाकडात दोनशे माणसांचा स्वयंपाक कित्येक दिवस होईल. मग पहिला म्हातारा वारल्यावर त्याचा मुलगा लाकूड मागतो आणि स्वयंपाक पाहणारी बाई नाही म्हणते, तेव्हा दोघांचेही बरोबर असते. या एका प्रसंगावर अर्धा अंक उभा राहील आणि त्यात एकही झोंबी दाखवावा लागणार नाही.

आता किल्ला पाडण्याकडे वळू. यासाठी काही नवीन शोधायची गरज नाही. हा किल्ला अनेकदा पडलेला आहे, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने. 1232 साली इल्तुतमिशाने तो सुमारे अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतला. जोहर कुंडाचे नाव त्या वेळच्या स्त्रियांच्या जोहाराशी परंपरेने जोडले जाते. हा बाहेरून आवळत आणलेला शेवट आहे, आणि तो वाचकाला आधीच अपेक्षित असतो, म्हणून मी तो वापरणार नाही; नावाची आठवण मात्र एखाद्या पात्राच्या तोंडी, रिकाम्या होत चाललेल्या कुंडाच्या काठावर, जरूर यावी.

दुसरा प्रसंग 1780 चा. किल्ला तेव्हा महादजी शिंद्यांच्या ताब्यात होता, आणि कडा इतका उभा होता की त्या बाजूने कोणी येईल असे शिबंदीला वाटत नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कॅप्टन पॉपमने चोरवाटा जाणणाऱ्या माणसांकडून चढाची जागा हेरली, शिड्या तयार करवल्या आणि 3 ऑगस्टच्या रात्री शिपायांना कापूस भरलेली पायताणे घालून चढवले, म्हणजे दगडावर पाय वाजू नयेत. पहाटेपर्यंत किल्ला गेला. तुमच्या भावाने ती पायताणे काढावीत असे मला फार वाटते. मृतांची पावले फरफटत येतात, ती ऐकू येतात. तुमच्या माणसांचे कान चार अंक त्या फरफटीला सरावलेले आहेत, आणि ज्याच्या पावलांचा आवाज होत नाही तो जिवंत असतो. एका पूर्ण पानावर आवाजाचे एकही अक्षर न लिहिता फक्त कापडात गुंडाळलेली पावले दाखवली, तर मागच्या चार अंकांतल्या सगळ्या फरफटीचे चीज होईल.

तिसरा प्रसंग मात्र माझ्या दृष्टीने तुमच्या मालिकेसाठीच घडून गेला आहे. 1526 च्या सुमारास किल्ला तातारखान नावाच्या सरदाराकडे होता. आसपासच्या राजांनी त्याला घेरले, तेव्हा त्याने बाबराकडे मदत मागितली; बाबराने रहीमदादला माणसे देऊन पाठवले. ती माणसे पोहोचेपर्यंत तातारखानाचे मन फिरले होते आणि त्याने दरवाजा उघडला नाही. त्या वेळी किल्ल्यातूनच सूफी संत शेख मुहम्मद गौस यांनी रहीमदादला निरोप धाडला की काहीही करून आत शिरा. रहीमदादने विनंती केली की बाहेर शत्रूंचे भय आहे, मला थोड्या माणसांनिशी आत घ्या, बाकीची बाहेर राहतील. ती मान्य झाली. त्याच रात्री हत्ती पोळ दरवाजातून उरलेली माणसे आत आली आणि किल्ला हातचा गेला. हे बाबराने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे, आणि त्याच गौसांच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची कबर आहे, जिथे तुम्ही दोघे शाळेच्या सहलीला नक्की गेला असाल.

या प्रसंगात भिंतीचा एक दगडही हललेला नाही. किल्ला पडला तो ‘थोडी माणसे आत घ्या’ या मागणीने, आणि ही मागणी आपत्तीच्या काळात सर्वांत न्याय्य असते. तुमच्या अकरा जणांनीही चौथ्या अंकाच्या शेवटी तीच मागणी केली आहे, आणि वाचकाने दार उघडावे म्हणून जीव मुठीत धरला आहे. पाचव्या किंवा सहाव्या अंकात दरवाजावर नवी माणसे आली, की त्याच वाचकाने दार उघडू नये असे मनात म्हणावे, आणि मग स्वतःचीच शरम वाटून पान उलटावे. हे साधले तर ‘पुन्हा तेच’ ही तक्रार उरणार नाही. दार उघडणारी व्यक्ती मूर्ख किंवा फितूर नसावी, एवढी काळजी घ्या. तुमच्या दुसऱ्या मसुद्यातला फितूर पहारेकरी मला अजिबात पटला नाही; त्याच्यावर सगळा दोष टाकून बाकीची दोनशे माणसे निर्दोष सुटतात. दार सर्वांनी हात वर करून, बहुमताने, भल्या हेतूने उघडलेले असावे.

जाता जाता एक सांगतो. मोगल काळात हाच किल्ला राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. औरंगजेबाने आपला भाऊ मुराद याला इथेच ठेवले आणि 1661 मध्ये इथेच त्याला मृत्युदंड दिला. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांनाही इथे कैदेत ठेवले होते, आणि परंपरा अशी सांगते की सुटकेच्या वेळी जितके राजे त्यांचा अंगरखा धरून बाहेर पडू शकतील तितक्यांना सोडू, अशी अट घातली गेली, तेव्हा बावन्न गोंड्यांचा अंगरखा शिवून त्यांनी बावन्न राजांना बाहेर नेले. किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा त्याचीच आठवण आहे. दारातून किती माणसांनी जावे या प्रश्नाला या जागेने दिलेले हे सर्वांत उदार उत्तर आहे, आणि तुमच्या बहुमताच्या प्रसंगात एखाद्या शीख आजोबांनी ते दोन वाक्यांत सांगितले तर सभेचे पारडे फिरेल. दोनशे माणसांचा स्वयंपाक होऊ शकेल असे लंगरही तिथेच आहे. रक्तपात मात्र त्या आवारात दाखवू नका. संपादक म्हणून मी ती पाने परत पाठवली असती.

आता माणसांविषयी. तुमची पात्रे तोंडाने ‘झोंबी’ म्हणतात, ते मला खटकले. मराठी कानाला झोंबी म्हटले की आखाड्यातली झटापट आठवते, आणि तशीही संकटात सापडलेली माणसे पुस्तकी नाव वापरत नाहीत. त्या अमेरिकन मालिकेतली पात्रेसुद्धा बहुतेक वेळा भटके, दबा धरणारे अशा अर्थाचे आपलेच शब्द वापरतात. लष्करातली एखादी आजी ‘उठलेले’ म्हणेल, हजिरा मोहल्ल्याकडची माणसे ‘मुर्दे’ म्हणतील, आणि किल्ल्यावर दोन्ही शब्द एकत्र आले की कोण कुठून आले हे न सांगता कळेल. आपल्या घरांत मराठी आणि हिंदी ज्या तऱ्हेने एकाच वाक्यात नांदतात, ते संवादांत येऊ द्या. सध्या तुमची सगळी पात्रे पुण्याच्या नाटकातल्यासारखी बोलतात.

किल्ल्यावर सत्ता कोणाची, हे दाखवायला भाषणे लागत नाहीत. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात पाणी एक दिवसाआड येई आणि हंड्यांची मोजणी आजीकडे असे. कोठाराच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असे, आणि आजोबा कितीही मोठ्याने बोलले तरी घर कोण चालवते याबद्दल कोणाला शंका नव्हती. तुमच्या किल्ल्यावर बंदुकी कोणाकडे आहेत ते तुम्ही ठरवले आहे, पण कोठाराची किल्ली कोणाकडे आहे ते ठरवलेले नाही. ती आत्याकडे द्या. तिने पहिल्या अंकात वाड्याच्या दिंडीला बाहेरून कुलूप लावले होते आणि ती किल्ली कनवटीला खोचली होती. भावाने ती चौकट सुंदर काढली आहे आणि नंतर तुम्ही दोघेही ती विसरलात.

आणखी एक गोष्ट वापरण्याजोगी आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ टाकला, आणि तो तळ पुन्हा कधी हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, आणि नाव मात्र ‘लष्कर’ हेच राहिले. आपल्या मोहल्ल्यांच्या नावांतले ‘गोठ’ही त्याच तळाचे अवशेष आहेत. म्हणजे तुमची अकरा माणसे ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे घर म्हणतात, तेसुद्धा कोणा एकाचा रात्रीपुरता मुक्काम होता. हे कोणी समजावून सांगू नये. किल्ल्यावरच्या मुलांनी शामियान्यांच्या रांगांना गल्ल्यांची नावे द्यायला सुरुवात केली, एवढे दाखवले की पुरे.

पानांच्या मांडणीबद्दल थोडेच सांगतो, कारण भावाचा हात तयार आहे. धक्का नेहमी पान उलटल्यावर डाव्या पानाच्या पहिल्या चौकटीत यावा. तुमच्याकडे तो तीनदा उजव्या पानावर आला आहे, आणि समोरासमोरच्या पानांवर नजर आधीच तिकडे जाऊन येते. फुग्यांत देवनागरी अक्षरे कोंबली आहेत. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते, म्हणून एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका आणि ओळींमधले अंतर वाढवा. मृतांची गर्दी प्रत्येक वेळी चेहऱ्यांसकट काढण्याचा अट्टहास सोडा. किल्ल्यावरून ती गर्दी मुंग्यांसारखी दिसेल, आणि वरून पाहताना भीतीच्या जागी कंटाळा व नंतर कीव येऊ लागणे हेच त्या उंचीचे खरे परिणाम आहेत.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येतो. किल्ला चित्रांतून गेला, तर नजर टांगायला दुसरी वस्तू द्यावी लागेल, आणि ती खाली शहरात असली पाहिजे. पाचव्या अंकाचे पहिले पान एकाच मोठ्या चौकटीचे करा: रात्र, तटावरून दिसणारे विजेविना काळे पडलेले अवघे लष्कर, आणि त्या काळोखात एकच बारीक ठिपका. दुसऱ्या पानावर पहाऱ्याची मुलगी आत्याला उठवून आणते. आत्या बाड्याच्या मनोऱ्यावरून दिशा धरते, मग गल्ली मोजते, मग घरे मोजते, आणि तिचा हात कनवटीकडे जातो. दिवा त्यांच्याच वाड्याच्या गच्चीवर आहे, दिंडीला बाहेरून कुलूप आहे, आणि किल्ली तिच्या मुठीत आहे. पाण्याच्या पायऱ्या, लाकडाचे भांडण, दारावरची माणसे हे सगळे घडत असताना तो दिवा रोज रात्री लागत राहू द्या. वाड्यात कोण आहे ते आठव्या अंकापर्यंत सांगू नका, पण सहावा लिहायला घेण्याआधी तुम्ही दोघांनी ते आपापसांत ठरवून ठेवा.